पंडितांच्या सभेत रसेल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या बौद्धिकाचा शब्दांकित मजकूर)



१९८३ साली पुण्यात विद्वानांची एक आगळी सभा भरली. एका बाजूस देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले, गुरुमुखातून न्यायशास्त्र शिकलेले पारंपरिक पंडित बसले होते. वाराणसीचे पं. बदरीनाथ शुक्ल हे त्यांतील अग्रणी. दुसऱ्या बाजूस विद्यापीठांतून पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकविणारे प्राध्यापक होते. आणि चर्चेला विषय कोणता? ब्रह्म नव्हे, मोक्ष नव्हे, वेदांचे अपौरुषेयत्वही नव्हे. विषय होता बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाने केलेली 'विधान' या तार्किक कल्पनेची मीमांसा. रसेलचे म्हणणे संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवायचे आणि पंडितांनी आपल्या शास्त्राच्या परिभाषेत त्याचा परामर्श घ्यायचा, अशी ही योजना होती.

भाषेचे तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र या विषयांवरील परिसंवाद आणि कार्यशाळा जगभर होत असतात. आपल्याकडेही होतात. त्यांत पारंपरिक पंडिताला निमंत्रण असलेच तर ते बहुधा मंगलाचरणापुरते असते. दीपप्रज्वलन होते, शांतिपाठ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि मग पंडितजी पहिल्या रांगेत बसून न समजणाऱ्या इंग्रजी भाषणांना मान डोलावतात. पुण्यात पंडिताला प्रतिपक्षी म्हणून बोलावले गेले. आपल्या परंपरेत यापेक्षा मोठा मान नाही. ज्याच्याशी वाद करावासा वाटतो, त्यालाच आपण बरोबरीचा समजतो.

हा उपक्रम ज्यांच्या मनात आला, त्यांची नावे येथे घेतली पाहिजेत. राजस्थान विद्यापीठातील दया कृष्ण, मुंबईत तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेले प्रा. मे. पुं. रेगे, तसेच रा. चं. द्विवेदी आणि मुकुंद लाठ. या चौघांनी संपादित केलेला सभेचा वृत्तांत 'संवाद' या नावाने १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रेगे हे 'नवभारत' मासिकाचे संपादक, वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी निकटचा संबंध असलेले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यानंतर मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झालेले विद्वान. ते उदारमतवादी विचारांचे होते. या सभागृहातील अनेकांना त्यांची सगळी मते पटणार नाहीत. परंतु रसेल पंडितांना कळेल अशा संस्कृतात उतरविण्याचे जे कष्ट त्यांनी घेतले, ते परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्या किती जणांनी घेतले असते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

दोन विद्वद्वर्गांना एकमेकांशी बोलण्यासाठी एवढा खटाटोप का करावा लागला? मेकॉलेचे नाव अशा वेळी पटकन ओठावर येते आणि ते अवाजवी नाही. १८३५ च्या त्याच्या टिपणाने सरकारी पैसा आणि प्रतिष्ठा इंग्रजी शिक्षणाकडे वळविली. पण त्याच्या बारा वर्षे आधी, १८२३ साली, राजा राममोहन रॉय यांनीच लॉर्ड ॲम्हर्स्टला पत्र लिहून कलकत्त्यात संस्कृत महाविद्यालय काढण्यास विरोध दर्शविला होता आणि त्याऐवजी पाश्चात्त्य विज्ञानाचे शिक्षण मागितले होते, हेही विसरता येत नाही. फाळणी दोन्ही हातांनी झाली. परिणाम असा झाला की, तत्त्वज्ञान हा विषय विद्यापीठांत ग्रीसपासून सुरू होऊ लागला आणि न्याय, मीमांसा, व्याकरण ही शास्त्रे संस्कृत विभागात किंवा पाठशाळेत जाऊन बसली. प्राध्यापकाला गंगेशोपाध्याय ठाऊक नाहीत आणि पंडिताला फ्रेगे ठाऊक नाही, ही स्थिती दीडशे वर्षे टिकली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषय थोडा अवघड आहे, पण घाबरण्याचे कारण नाही.

'पाऊस पडत आहे' हे वाक्य कोणी मराठीत बोलले, कोणी तमिळमध्ये, कोणी जपानीत. शब्द तर निराळे आहेत, मग खरे किंवा खोटे ठरते ते नेमके काय? पाश्चात्त्य तर्कशास्त्राचे एक उत्तर असे की, या सर्व वाक्यांच्या मागे एकच 'विधान' असते. ते कोणत्याही भाषेचे नसते, कोणाच्या मनातले नसते. कोणी विचार करो वा न करो, ते आपले खरे किंवा खोटे असते. रसेलने या कल्पनेविषयीची आपली मते आयुष्यात अनेकदा बदलली; परंतु तर्कशास्त्राचा सारा व्यवहार विधानांचा असतो, ही समजूत त्या परंपरेत रुजली.

नैयायिकाच्या चौकटीतून या ठिकाणी लगेच शंका निघते. हे जे 'विधान' म्हणता, ते शब्द आहे, शब्दाचा अर्थ म्हणजे जगातील वस्तू आहे, की ज्ञान आहे? शब्द असेल तर ते कोणत्यातरी भाषेचे असले पाहिजे. वस्तू असेल तर वस्तू नुसती असते, ती खरी-खोटी नसते. ज्ञान असेल तर ते कोणातरी आत्म्याला, कोणत्यातरी क्षणी झालेले असले पाहिजे. या तिन्हींहून वेगळे काही असेल, तर त्याच्या अस्तित्वाला प्रमाण काय? न्यायमतात खरे-खोटेपण ज्ञानाचे असते. समोर दोरी असताना दोरीचे ज्ञान झाले तर ती प्रमा, दोरीच्या जागी सापाचे ज्ञान झाले तर तो भ्रम. वाक्य ऐकून श्रोत्याला जो बोध होतो त्याला शाब्दबोध म्हणतात आणि खरे-खोटे तपासायचे ते या बोधाचे. कोणाचेच नसलेले, कोणालाच न झालेले असे सत्य नैयायिकाला लागतच नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पाश्चात्त्य तर्कशास्त्र आकाराकडे पाहते. 'सर्व हत्ती उडतात. गजराज हा हत्ती आहे. म्हणून गजराज उडतो', हे अनुमान आकाराच्या दृष्टीने तेथे निर्दोष मानले जाते. नैयायिक त्याला अनुमान म्हणणारच नाही, कारण त्यातून ज्ञान झालेले नाही. त्याचे तर्कशास्त्र ज्ञान मिळविण्याचे शास्त्र आहे. म्हणून त्याच्या पाच अवयवी वाक्यात उदाहरण येते, स्वयंपाकघरातील चूल येते. जेथे धूर तेथे अग्नी हे प्रत्यक्ष कुठे पाहिले, ते सांगावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक रंजक आहे. रसेलचा १९०५ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. त्यात त्याने प्रश्न घातला: 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य खरे की खोटे? फ्रान्समध्ये राजाच नाही. जगातील टकल्या माणसांची यादी केली तर तो त्यात सापडणार नाही, आणि केस असलेल्यांची केली तर त्यातही नाही. मग वाक्याचे करायचे काय? रसेलने वाक्य फोडले. 'फ्रान्सचा राजा असलेला कोणीतरी आहे, तसा एकच आहे आणि तो टकला आहे.' यांतला पहिला भागच खोटा, म्हणून सगळे वाक्य खोटे. त्या काळी हा उलगडा तत्त्वज्ञानाचा आदर्श नमुना मानला गेला.

या उलगड्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधी मिथिलेत उदयनाचार्य आणि त्यांचे बौद्ध प्रतिपक्षी सशाच्या शिंगावर वाद करीत होते. बौद्धांना आपला क्षणभंगवाद सिद्ध करताना, जे मुळात अस्तित्वातच नाही अशा गोष्टीचे उदाहरण द्यावे लागे. त्यांचे म्हणणे असे की, निदान 'नाही' म्हणण्यासाठी तरी असत् वस्तूविषयी बोलता आले पाहिजे. उदयनाचार्यांनी ते अमान्य केले. न्यायमतात अभावालाही प्रतियोगी लागतो. म्हणजे जे नाही म्हणायचे, ते कुठेतरी ठाऊक असले पाहिजे. मग 'सशाचे शिंग नाही' या वाक्याचे काय? ससा खरा आहे. शिंग खरे आहे, गाईच्या डोक्यावर आहे. नाही आहे तो सशाशी शिंगाचा संबंध. म्हणून वाक्याचा अर्थ 'सशाच्या ठिकाणी शिंग नाही' असा घ्यावा. दिसायला एक असलेले पद फोडून दाखविण्याची युक्ती दोघांचीही आहे.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. 'रसेलने सांगितले ते सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह होतो आणि टाळ्याही मिळतात. ते खरे नाही. रसेलच्या मते राजाविषयीचे वाक्य खोटे आहे. 'सशाचे शिंग टोकदार आहे का?' असे विचारल्यास उदयनाचार्यांची भूमिका निराळी पडते. जे नाहीच त्याच्याविषयी धर्म सांगायला गेलात की गोंधळातच पडाल, म्हणून तेथे मौन बरे, असा त्यांचा कल आहे. वैयाकरणांचे म्हणणे आणखी तिसरे. त्यांच्या मते शब्दाचा अर्थ बुद्धीत असतो. त्यामुळे 'वंध्यापुत्र' म्हटल्यावर अर्थ कळतो, मग तसा पुत्र जगात असो वा नसो. तीन परंपरा, तीन उत्तरे. पुण्याच्या सभेचे मोल येथे आहे. दोन विचार एकच आहेत असे म्हणण्यासाठी ती सभा भरली नव्हती. दोहोंमधील फट नेमकी कोठे आहे, हे पाहण्यासाठी भरली होती.

आपल्या शास्त्रांतही परस्परांत एकमत होते, अशा गोड समजुतीत कोणी राहू नये. 'राम गावी जातो' हे साधे वाक्य घ्या. यात मुख्य काय? नैयायिक म्हणतो, राम. बाकीचे सारे रामाचे विशेषण: गावी जाण्याला अनुकूल असा प्रयत्न ज्याच्या ठिकाणी आहे, तो राम. वैयाकरण म्हणतो, छे, क्रिया मुख्य. राम तिचा कर्ता आणि गाव तिचे कर्म. मीमांसक क्रियापदाच्या प्रत्ययातून कळणाऱ्या 'भावने'ला मुख्य मानतो, कारण त्याला वेदांतील विधिवाक्ये लावायची आहेत आणि तेथे काय करावे हे कळणे महत्त्वाचे. तीन शब्दांच्या वाक्यावर शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले. यात पांडित्याची हौस नव्हती असे नाही. पण वाक्याचा केंद्रबिंदू कोठे, हा प्रश्न आजच्या भाषाविज्ञानातही जिवंत आहे.

वैयाकरणांच्या याच पद्धतीतून पुढे एक दंतकथा जन्माला आली. 'संगणकासाठी सर्वोत्तम भाषा संस्कृत, असे नासाने जाहीर केले आहे', हा संदेश येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर एकदा तरी आलेला असेल आणि काहींनी तो पुढे पाठविलाही असेल. मूळ गोष्ट अशी. १९८५ साली रिक ब्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेल्या एका नियतकालिकात लेख लिहिला. तो नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित संस्थेत काम करीत होता. वैयाकरण ज्या रीतीने वाक्याचा अर्थ क्रिया आणि कारके यांत फोडून लिहितात, ती रीत संगणकशास्त्रज्ञ ज्ञान मांडण्यासाठी जे जाळे वापरतात त्याच्याशी विलक्षण जुळते, हा त्याचा मुद्दा होता. निरीक्षण मार्मिक होते. डिसेंबर १९८६ मध्ये बंगळूरला या विषयावर राष्ट्रीय परिषद झाली आणि पंडित व संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. परंतु नासाने कोणतीही घोषणा केली नाही, संस्कृतात आज्ञावली लिहिल्या नाहीत. खरी गोष्ट अभिमानास्पद असताना तिला खोटे शेपूट लावण्याची गरज का पडावी? असे संदेश पसरले की, विरोधकाला आपले खरे म्हणणेही हसण्यावारी नेण्याची संधी मिळते.

खरे काम कोठे चालते तेही पाहावे. संस्कृत आणि संगणकीय भाषाविज्ञान यांवरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद २००७ साली फ्रान्समध्ये, पॅरिसजवळ झाला. २००८ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात आणि २००९ मध्ये हैदराबादेत त्या मालिकेतील पुढचे परिसंवाद झाले. फ्रान्सचे जेरार ह्युए, हैदराबाद विद्यापीठातील अंबा कुलकर्णी अशांनी पाणिनीची सूत्रे, संधी, समास आणि शाब्दबोध संगणकाला शिकविण्याचे कष्टाचे काम वर्षानुवर्षे केले आहे. भर्तृहरीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मात्र जानेवारी १९९२ मध्ये पुणे विद्यापीठातच भरली, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट. त्याच विद्यापीठाने १९६५ साली का. वा. अभ्यंकर आणि वि. प्र. लिमये यांनी संपादित केलेले 'वाक्यपदीय' प्रकाशित केले होते.

परदेशी अभ्यासकांचा उल्लेख निघाला आहे, तर आणखी एक. डॅनियल इंगल्स हा हार्वर्डचा तरुण कलकत्त्यास येऊन कालीपद तर्काचार्यांच्या पायाशी नव्यन्याय शिकला. १९५१ साली त्याचे पुस्तक निघाले आणि नव्यन्यायाची गणिती तर्कशास्त्राशी तुलना होऊ शकते, हे पाश्चात्त्यांना प्रथमच नीट कळले. दोन आंब्यांमधील 'दोन'पणा कोठे राहतो? प्रत्येक आंबा तर एकच आहे. नव्यनैयायिकांनी त्यासाठी 'पर्याप्ती' नावाचा संबंध कल्पिला: दोन आंबे मिळून त्या संख्येचा आश्रय. संख्येविषयीच्या या विचाराची इंगल्सने फ्रेगेच्या संख्याविचाराशी तुलना केली. पुढे तर्कतीर्थ झालेला बंगालचा एक तरुण, बिमल कृष्ण मतिलाल, याच इंगल्सकडे शिकला आणि १९७६ पासून १९९१ मधील निधनापर्यंत ऑक्सफर्डच्या स्पॉल्डिंग अध्यासनावर होता. कलकत्त्याच्या पाठशाळेतली विद्या हार्वर्डमार्गे ऑक्सफर्डला पोहोचली. आपल्या महाविद्यालयांच्या तत्त्वज्ञान विभागांत ती कितीशी आली, हे त्यांचे अभ्यासक्रम उघडून पाहावे.

एक कबुली दिली पाहिजे. नव्यन्यायाने 'अवच्छेदक', 'प्रतियोगिता', 'निरूपक' अशा शब्दांनी इतकी काटेकोर भाषा घडविली की, संदिग्धतेला जागा उरू नये. पण त्याने चिन्हांची लिपी घडविली नाही. फ्रेगेने १८७९ साली तर्कासाठी चिन्हलिपी दिली आणि तर्क गणितासारखा पायऱ्यापायऱ्यांनी मांडता येऊ लागला. ही झेप आपल्याकडे झाली नाही. ते मान्य केल्याने उदयनाचार्य लहान होत नाहीत.

पुण्यातील पंडितांकडे परत येऊ. ही मंडळी जुन्या पोथ्या घोकणारी आहेत असा ज्यांचा समज होता, त्यांना पं. बदरीनाथ शुक्ल यांनी पुढे एका निबंधातून चकित केले. शरीर हाच आत्मा मानला तर न्यायदर्शनाची बाकीची व्यवस्था टिकेल का, हा प्रश्न त्यांनी घेतला आणि टिकू शकते, असे संस्कृतात सविस्तर मांडून दाखविले. मुकुंद लाठ यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषदेच्या नियतकालिकात १९८८ साली प्रसिद्ध झाला. देहाहून वेगळा नित्य आत्मा हा न्यायाचा प्रमुख सिद्धांत. आयुष्यभर तो शिकविलेला पंडित, त्याच्या विरुद्ध पक्ष इतक्या सामर्थ्याने मांडतो, आणि कोणालाही त्यात धर्मद्रोह दिसत नाही. पूर्वपक्ष प्रतिपक्ष्यालाही सुचला नसेल इतक्या जोरकसपणे मांडायचा, ही आपली शास्त्रीय शिस्त. आपल्या चर्चेत, बैठकीत, वृत्तवाहिन्यांवरील कल्लोळात ती आज कितपत दिसते?

ही शिस्त अजून पुरती लोपलेली नाही. गणेशचतुर्थीच्या सुमारास, जेव्हा आपल्याकडे मंडपांतून ध्वनिवर्धक गर्जत असतात, तेव्हा शृंगेरीच्या शारदापीठात महागणपती वाक्यार्थ विद्वत्सभा भरते. विद्वान शास्त्रातील एखादे स्थळ घेऊन संस्कृतात मांडणी करतो, इतर आक्षेप घेतात, तो उत्तरे देतो. शुद्ध विचाराने गणपतीची आराधना करण्याचा हा प्रकार. लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवात व्याख्यानांना जे स्थान दिले, त्याच्याशी याचे नाते जोडायला हरकत नाही.

२०२० च्या शिक्षण धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेचे अभ्यासक्रम महाविद्यालयांत आले, कार्यशाळांना अनुदाने मिळू लागली. ही संधी मोठी आहे आणि वाया जाण्याचा धोकाही तितकाच मोठा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत पडद्यावर चित्रे दाखवून 'आमच्याकडे सर्व काही होते' एवढे सांगून प्रमाणपत्रे वाटली, तर आणखी वीस वर्षांनी रसेलला उत्तर देऊ शकणारा पंडितही उरणार नाही आणि त्याच्यापुढे रसेल मांडणारा रेगेही. आपल्या घरांतील स्थितीही पाहावी. दहावीला संस्कृत घेतात ते गुणांसाठी. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले की पेढे वाटले जातात आणि अकरावीत त्या विषयाची वही रद्दीत जाते. आपल्या मुलाने न्यायशास्त्र शिकतो म्हटले, तर किती पालक सुखाने झोपतील?

सर्वांनी पंडित व्हावे, असे कोणी म्हणत नाही. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे अगदी लहान पुस्तक आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस या मराठी विद्वानांनी तयार केलेली त्याची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ साली निघाली आणि आजही अभ्यासक तीच हाताशी ठेवतात. आठवड्याच्या बैठकीत दोन ओळी वाचून त्यांवर बोलायला अर्धा तास पुरतो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, या उदाहरणापाशी आले की, मागच्या रांगेतील एखादा मुलगा विचारील, 'ते धुके असेल तर?' त्याला गप्प करू नये. त्याच्या शंकेचा विचार त्याच पुस्तकात, हेत्वाभासांच्या प्रकरणात, 'असिद्ध' या नावाखाली केलेला आहे.